लेखकाक ह्या कोणी सांगल्यान?

मालवणच्या किनाऱ्यावर इतिहास शिकवणाऱ्याला एक मोठी सोय आहे आणि तीच मोठी अडचणही आहे. सोय अशी, की शिवकाळ दाखवायला पुस्तकातल्या चित्राची गरज पडत नाही. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग समोर समुद्रात उभा आहे, धक्क्यावरून होडीत बसलं की थोड्या वेळात महाद्वाराशी. अडचण अशी, की मुलं सातवीत येतात तेव्हा त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. पायात ओतलेलं शिसं, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा, किल्ल्यातून निघणारं भुयार. आजीकडून, होडीवाल्याकडून, सिनेमातून, मालिकेतून, एखाद्या कादंबरीतून आलेलं हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. त्यातलं कागदावर काय आहे, लोकांच्या तोंडी काय आहे आणि लेखकाच्या मनातून काय आलं आहे, ते कुणी सोडवून दाखवलेलं नसतं.

मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास हे दोन्ही विषय शिकवते. दोन्ही तास माझ्याच हातात असल्यामुळे मराठीच्या तासाला ऐतिहासिक कादंबरीतला उतारा आणि इतिहासाच्या तासाला त्याच प्रसंगाचा अस्सल कागद, अशी जोडी लावता येते. शाळेत प्रोजेक्टर आला, मुलांच्या घरी फोन आले, तशी तिसरी बाजूही जोडली गेली. इतक्या वर्षांत जे पटलं ते इथं लिहिते आहे.

१. कादंबरी आधी, कागद मागाहून

बरेच शिक्षक उलटं करतात. आधी सनावळ्या, घटना, कारणं, परिणाम. मग वेळ उरला तर गोष्ट. माझा अनुभव वेगळा आहे. बखरीचा किंवा जुन्या पत्राचा तुकडा तेरा वर्षांच्या मुलापुढं एकदम ठेवला तर त्यात त्याला धरायला काहीच सापडत नाही. कादंबरी माणसं उभी करते. माणूस उभा राहिला की त्याच्याविषयी प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडला की कागद हवासा वाटतो.

म्हणून आम्ही रणजित देसाईंची १९६८ सालची ‘श्रीमान योगी’, गोनीदांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या, हरिभाऊ आपट्यांचं लेखन, यांतली दोन-तीन पानंच घेतो. मुलांच्या हातात शिसपेन्सिल. तारीख, ठिकाण, नाव, आकडा असं जे कागदात सापडायला हवं त्याखाली सरळ रेघ. लोकांच्या सांगण्यातून आलं असावं त्याखाली नागमोडी रेघ. आणि जे लेखकाच्या मनातून आलं असणार त्याला गोल. पानभर गोलच गोल होतात. संवाद गोलात, मनातले विचार गोलात, वारा आणि चांदणं गोलात. मुलांना ज्या ओळी सर्वांत आवडल्या त्या बहुतेक गोलातच सापडतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाईनू, महाराज एकटेच होते ना? मग तेंच्या मनात काय इला, ता लेखकाक कोणी सांगल्यान?”

इतिहासाचा सगळा अभ्यास या प्रश्नात आहे. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या परंपरांवर धडे आहेत आणि मुलं ते पाठ करतात. पण ज्यानं सातवीत हा प्रश्न विचारला त्याला दहावीत ते धडे पाठ करावे लागत नाहीत. शिक्षकांनी स्वतःसाठी ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना जरूर वाचावी. कादंबरीच्या दारातच इतिहासाची एवढी कसोशीची चिकित्सा उभी केल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

२. जहाजं मोजायला लावा

आमच्याकडे हा तास सर्वांत रंगतो, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालं. त्यानंतर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज मालवणहूनच आरमार घेऊन दक्षिणेला बसरूरच्या स्वारीवर निघाले. कादंबऱ्यांत अशा प्रसंगी समुद्र शिडांनी झाकून जातो. वर्गात ते वाचलं की पुढचा प्रश्न सरळ येतो : किती शिडं?

कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या वेळी लिहिलेल्या पत्रात आकडा मिळतो. ८५ फ्रिगेट आणि ३ मोठी जहाजं. आता सभासद बखरीकडं वळायचं. सभासदानं गुराबा, तरांडी, तारवं, गलबतं, शिबाडं, पगार अशी नावं घेत आरमार सांगितलं आहे. जदुनाथ सरकारांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिवचरित्रात हे सगळे आकडे समोरासमोर ठेवले. मराठी बखरी आरमार सुमारे ४०० जहाजांचं सांगतात, तर इंग्रजांच्या पत्रांत आकडा १६० च्या वर कधी जात नाही, आणि एरवी ६० च्या आसपास असतो.

फळ्यावर ४००, १६०, ८८, ६० असे चार आकडे लिहिले की वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो इंग्रज मुद्दाम कमी सांगतात. दुसरा म्हणतो बखरकारानं वाढवलं. एक मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “इंग्रजांनी बारक्यो होडयो मोजल्यानी काय नाय?” तिचे वडील मासेमारीला जातात. कुठल्या होडीला होडी म्हणायचं, यावर घरी रोज बोलणं होत असणार.

मग मी त्यांना मालवण बंदरातल्या होड्या मोजायला लावते. एक गट संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून मोजतो. दुसरा गट उपग्रहाच्या चित्रावर मोजतो. तिसरा गट मच्छीमार सोसायटीत जाऊन नोंदणी झालेल्या होड्यांचा आकडा विचारतो. तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. धक्क्यावरच्यांना बाहेर गेलेल्या होड्या दिसत नाहीत. उपग्रहाचं चित्र कुठल्यातरी जुन्या दुपारचं असतं. सोसायटीच्या वहीत किनाऱ्यावर उपडी पडलेली, वर्षानुवर्षं पाण्यात न गेलेली होडीही असते. खोटं कुणीच बोललेलं नसतं. यानंतर पुन्हा १६६५ कडं गेलं की मुलं आपणहून विचारू लागतात. कारवारचा इंग्रज कुठं उभा होता? त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? त्याला भीती कशाची होती? सभासदानं बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, शिवाजी महाराज जाऊन दीड दशक होत आल्यावर. त्याच्यापुढं यादी कुठली होती? तो एका स्वारीची जहाजं सांगतो आहे की सगळ्या बंदरांतली मिळून?

या तासाला मी उत्तर देत नाही. आकड्यांपुढं ‘कुणी, कधी, कुठून, कशासाठी’ असे चार रकाने आखते आणि ते भरायला सांगते.

३. पुराव्याची काठी करू नका

कागद हातात आला की शिक्षकाला एक मोह होतो. मुलांच्या आवडत्या गोष्टीतली हवा काढून टाकायचा. हा मोह टाळा.

तानाजी मालुसऱ्यांचं उदाहरण घ्या. यशवंती घोरपड मुलांना पाठ असते. ती तुळशीदासाच्या पोवाड्यातून आली. सभासद तिचं नावही घेत नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ हे हरिभाऊंच्या कादंबरीचं नाव घराघरांत पोचलं आणि तानाजींच्या मरणानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला असं सगळे मानू लागले. पण १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या एका पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेलं आहे आणि लढाई झाली फेब्रुवारी १६७० मध्ये. हे सगळं एका दमात सांगितलं की मुलांचे चेहरे बंद होतात. एक मुलगा रागानं उठून म्हणाला, “म्हंजे तानाजी खोटो?”

त्याला आधी पक्कं ते सांगायला हवं. तानाजी होते, निवडक मावळे घेऊन रात्री कड्यावरून चढले, लढले, पडले, गड घेतला गेला. हे कागदात आहे आणि ते कुणी हलवू शकत नाही. तेवढं पाय रोवून सांगितल्यावर मग घोरपडीकडं यायचं, आणि विचारायचं, शाहिराला घोरपड का लागली? रात्री उघड्यावर बसलेल्या, डोंगर न पाहिलेल्या माणसाला कडा किती सरळ आहे हे डफावर कसं दाखवाल? मग मुलं घोरपडीकडं शाहिराच्या बाजूनं बघू लागतात. ललित लेखनात न घडलेलं का येतं, त्याचं काम काय, हे कळणं हेही इतिहासाचंच शिक्षण आहे.

४. गावच्या अभिमानाला हात घालताना पूर्ण कागद हातात ठेवा

आमच्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, विजयदुर्ग आहे. तिथं किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं इथूनच हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला तिथं दरवर्षी हेलियम दिनही साजरा होतो.

दहावीतल्या दोघींनी यावर प्रकल्प घेतला. इंटरनेटवर जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती फुकट मिळतात; त्यांतून आणि ग्रहणांच्या नोंदींतून त्यांनी धागा काढला. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. जॉन हर्शेल आपल्या जवळच, जमखिंडीला होता. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, आणि सूर्याच्या वर्णपटाचं त्याचं निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधलं, इंग्लंडमधूनच केलेलं. मग विजयदुर्गाचं काय? ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचं. त्या वेळी लॉकियर खरोखर विजयदुर्गला आला होता. दुर्बिणी आणि कॅमेरे लावून त्याची तुकडी तयारीत होती आणि ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते.

दोघींपुढं प्रश्न होता तो सांगायचा कसा. ‘तुमचं खोटं आहे’ असं म्हणून गावात कोण ऐकून घेईल? त्यांनी आपल्या तक्त्याला नाव दिलं ‘विजयदुर्गची दोन ग्रहणं’. १८६८ ला कोण कुठं होतं त्याचा नकाशा एका बाजूला आणि १८९८ ला विजयदुर्गावर काय घडलं ते दुसऱ्या बाजूला. ज्याच्या नावाशी हेलियम जोडलेला आहे तो माणूस तीस वर्षांनी आपल्या किल्ल्यावर आला, आपल्या आभाळातलं ग्रहण बघून गेला, हे काय कमी आहे? दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली. आठवण अशीच काम करते, आणि म्हणून तारीख घातलेला कागद जपावा लागतो.

५. फोन डोळ्यांनंतर

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मी फार उत्साहीही नाही आणि विरोधातही नाही. आमच्याकडे पाच मुलांत एक फोन असतो, रेंज वाऱ्यावर, आणि पावसाळ्यात वीज जाते. तरी काही गोष्टी फोनशिवाय झाल्या नसत्या. १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर, १९३० चा ‘शिवकालीन पत्रसार संग्रह’ ही पुस्तकं बघायला पूर्वी कोल्हापूर-पुण्याची ग्रंथालयं गाठावी लागत. आज ती मुलांच्या तळहातावर आहेत.

फक्त क्रम सांभाळावा लागतो. सिंधुदुर्गाचे बुरुज किती? कुठल्या पुस्तकात ४२, कुठं ५२. उपग्रहाच्या चित्रावर तटाची नागमोडी रेघ अशी स्वच्छ दिसते की वाटतं आता प्रश्न मिटला. मुलं मोजायला बसली आणि भांडण जुंपलं. तटाचा हा बाक बुरुज धरायचा की नुसतं वळण? शेवटी तटावरून चालत जाऊनच ठरवावं लागलं. दुसरी गोष्ट महाद्वाराची. शत्रूला दार दिसू नये म्हणून ते बुरुजांच्या आड लपवलेलं आहे. वरून घेतलेल्या चित्रात तर ते ठळक दिसतं. मग लपवलं कसं म्हणायचं? होडीतून जवळ जाताना कळतं. अगदी तटाच्या अंगाला लागेपर्यंत दार कुठं आहे त्याचा पत्ता लागत नाही. समुद्रातून येणाऱ्या माणसाचा डोळा कुठल्याच उपग्रहाला नाही.

आता चॅटबॉट आले आहेत. एका गटानं त्याला सिंधुदुर्गाच्या बांधकामावरचं महाराजांचं पत्र मागितलं. क्षणात पत्र हजर. तारीख, मायना, भारदस्त जुनी मराठी, सगळं. मुलं हरखून गेली. मी विचारलं, कुठल्या संग्रहात आहे? पान कुठलं? मग शोधाशोध झाली. पत्रसार संग्रहात तसं पत्र सापडलं नाही. पुन्हा विचारल्यावर यंत्रानं माफी मागून दुसरंच पुस्तक सांगितलं, आणि तेही पडताळ्यात टिकलं नाही. आमच्या पद्धतीप्रमाणे त्या अख्ख्या पत्राला मुलांनी गोल काढला. कादंबरीकार निदान मुखपृष्ठावर कादंबरी असं छापतो. आता आमचा नियम असा, की कठीण शब्दाचा अर्थ, इंग्रजी उताऱ्याचा कच्चा अनुवाद, प्रश्नांची यादी एवढं यंत्राला विचारायचं. साक्ष त्याच्याकडं मागायची नाही.

एक जवळचं उदाहरण सांगते. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला मालवणात राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पडला. त्या दिवशीचे फोनवर फिरलेले संदेश मुलांनी जपून ठेवले होते. आम्ही ते वेळेप्रमाणे लावले आणि त्यांनाही तेच चार रकाने लावले : कुणी, कधी, कुठून, कशासाठी. ज्या ठिकाणी काही मुलं स्वतः गेली होती त्या ठिकाणाविषयीही पहिल्या तासाभरात किती वेगवेगळं लिहिलं गेलं, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. २०२५ मध्ये तिथं नवा पुतळा उभा राहिला. पुढं कुणी यावर लिहील तेव्हा त्याला हेच संदेश चाळावे लागतील.

६. कागदात ज्यांची नावं नाहीत त्यांची गोष्ट मुलांना लिहू द्या

शिवकाळावरच्या बहुतेक कादंबऱ्या सह्याद्रीच्या आहेत. घाट, कडे, घोडे, मावळे. किनारा त्यात येतो तो महाराज किनाऱ्यावर येतात तेव्हा. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग ही आरमारातली नावं घेतली की आमच्या वर्गात पाठी ताठ होतात. पण वल्ही मारणारे कोण होते? किल्ल्याचा चुना कुणी भाजला? लाकूड कुणी कापलं? कागद इथं फारसं बोलत नाहीत.

थोडं बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तर खणून काढलं, त्यात १६५९ साली कल्याण-भिवंडीकडं महाराजांसाठी जहाजं बांधणारे पोर्तुगीज कारागीर रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा भेटतात. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी दबाव आणल्यावर ते काम टाकून गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. त्यात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झालेलं झाड लागलंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असं बजावलेलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. हे वाचताना आमच्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. परसातला फणस कुणाचा यावरून वाडीत अजून बोलणी बंद होतात.

यावरून मुलं गोष्टी लिहितात. नियम एकच. गोष्टीच्या शेवटी दोन याद्या द्यायच्या. एकीत कागदातून घेतलेलं, दुसरीत मनातून घेतलेलं. आठवीतल्या एका मुलीनं सिंधुदुर्गासाठी शिंपले भाजून चुना करणाऱ्या बाईची गोष्ट लिहिली. शिंपल्यांचा ढीग, भट्टीचा धूर, डोळ्यांची आग, आणि चुना होडीत चढवताना भिजू नये म्हणून चाललेली धडपड. पावसाची सर येते तेव्हा ती बाई आधी चुना झाकते, मग पोराला. एवढं एक वाक्य वाचून मी वही खाली ठेवली. तिच्या पहिल्या यादीत कामाला सुरुवात झाल्याची तारीख होती, बेटाचं नाव होतं, बांधकाम पाहणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव होतं. दुसऱ्या यादीत पहिलीच ओळ होती, ‘ती बाई’. आणि खाली तिनं लिहिलं होतं, ‘चुना होता म्हणजे तो भाजणारं कोणीतरी होतं.’ अंदाज कशावर उभा करायचा हे तिला कळलं होतं. ऐतिहासिक कादंबरीकाराकडूनही याहून जास्त मागता येत नाही.

७. राजांवाचूनही इतिहास असतो

कोकणातल्या मुलांचा सर्वांत जवळचा इतिहास गिरणगावात आहे. जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी चाकरमानी मुंबईला गेलेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानं आमच्या वाड्यांचं अर्थकारण बदललं. जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक आम्ही नववीत वाचतो, पात्रं वाटून घेऊन. गिरणी बंद पडल्यावर त्या घराचं काय होतं ते मुलांच्या आवाजात ऐकताना वर्ग गप्प असतो.

मग घरच्या ट्रंका उघडायच्या. एका मुलाच्या आजीनं मनिऑर्डरीच्या पावत्या सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. त्यानं त्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या. महिन्याला एक, बिनचूक. १९८२ च्या सुरुवातीला ओळ तुटते. मग मध्येच एखादी, लहान रकमेची. मग काहीच नाही. मग दोन वर्षांनी मुंबईतल्याच दुसऱ्या पोस्टाचा शिक्का. आजोबांनी कुठली नोकरी धरली ते घरात कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. त्या शिक्क्यावरून विचारपूस सुरू झाली. नाटकानं त्या घराचं दुःख सांगितलं होतं. ते कुठल्या महिन्यात दारात आलं, हे पावत्यांनी सांगितलं. दोन्ही लागतात.

८. परीक्षेची भीती बाळगू नका

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. अख्खी कादंबरी घेऊ नका. वर्षात तीन-चार जोड्या पुरतात. दोन पानांचा उतारा, अर्ध्या पानाचा कागद, चार रकाने. अशी मुलं उताऱ्यावरचे प्रश्न चांगले सोडवतात, कारण उतारा कसा वाचायचा हे त्यांना कळलेलं असतं.

९. घरचा कागद घरातच राहू द्या

हा धडा फार महत्त्वाचा आणि फार नाजूक. आमच्याकडच्या अनेक घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात, तांब्याच्या नळीत मोडी कागद आहेत. सनदा, इनामपत्रं, देवस्थानच्या मानपानाचे निवाडे. ते शाळेत आणा म्हटलं की घरची माणसं घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. कोकणात जमिनीचे वाद पिढ्यान् पिढ्या चालतात. कुळ, खोत, भाऊबंद, मानकरी. एका कागदावरून उद्या कोर्टात कोण उभा राहील सांगता येत नाही.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. कागद घराबाहेर निघत नाही. घरातल्या मोठ्या माणसानं हो म्हटलं तरच फोटो, तोही दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कागद सपाट ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून. फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. आमच्या फोनमधलं यंत्र देवनागरी वाचतं, मोडीपुढं मात्र त्याचं काही चाललं नाही. तिथं जाणकारच लागतो. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात आणि कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे. मोडी शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यायचं, आणि काय निघालं ते पहिल्यांदा घरच्यांना सांगायचं. वर्गात आणायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातले दोन. तटाचे दगड आता जगाच्या नजरेत आहेत. घरातल्या कागदांवर तशी नजर कुणाची नाही. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधताना, चतुर्थीच्या साफसफाईत, वाटण्या झाल्यावर, हे कागद वाळवीला जातात, चुलीत जातात, नाहीतर ओढ्यात सोडले जातात. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी, असं समजू नका. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल, मोडी असो, गिरणीचं हजेरी कार्ड असो की बापाच्या होडीचा परवाना, तर टाकण्याआधी जवळच्या हायस्कुलातल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा दाखवा. कागद तुमच्याच घरी राहील.